अर्जातला सातवा प्रश्न

फ्रँकफुर्टच्या त्या कार्यालयात मी आठवड्यातून तीन दिवस जात असे. बाड हॉम्बुर्गहून एस-बान ही लोकल, पुढे दहा मिनिटं पायी. काम माझ्या स्वभावाला जुळणारं होतं. जगभरातून आलेले विद्यार्थ्यांचे अर्ज उघडायचे, कागद पुरे आहेत का ते पाहायचं, नसतील तर मागवायचे आणि प्रत्येकाची ऑर्डनर लावायची. ऑर्डनर म्हणजे जाड पुठ्ठ्याची, दोन कड्यांची फाइल. घरी आमच्याही बावीस होत्या आणि कुठला कागद कुठे आहे हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती संस्था दरवर्षी मोजक्या जागा देई. निवड झालेल्यांनी चार महिने दुसऱ्या देशातल्या एखाद्या संघटनेत काम करायचं, शिकायचं आणि परत आपल्या गावी जायचं. माझ्या तपासणीच्या कागदावर आठ रकाने होते: ओळखपत्र, गुणपत्रिका, दोन शिफारसपत्रं, ‘मी हे का करते’ हा दोन पानी मजकूर, केलेल्या कामाचा लेखी नमुना, परत जाण्याचं आश्वासन, आरोग्याचा दाखला आणि प्रश्नावली. आठही रकान्यांत खूण झाली की फाइल प्रमुखांच्या टेबलावर जाई.

आमच्या प्रमुख साठीच्या होत्या, आधी वकिली केलेल्या. पहिल्या वर्षी मी गुणांच्या क्रमाने फाइली लावून दिल्या. त्यांनी त्या हसून पुन्हा विस्कटल्या. त्या कुठलीही फाइल उघडत, ती थेट प्रश्नावलीच्या सातव्या प्रश्नावर. ‘तुमच्या कामामुळे दुसऱ्या कुणाला धोका पोहोचू शकतो का? तो टाळण्यासाठी तुम्ही काय करता?’

“हे बघा,” एकदा त्यांनी एका मुलाचं उत्तर माझ्यासमोर धरलं. त्याने लिहिलं होतं, मी कुणाला घाबरत नाही. “याला स्वतःबद्दल विचारलेलं नाही. दुसऱ्या कुणाबद्दल विचारलंय.”

मग त्या लेखी नमुना वाचत. त्यात पीडितांची नावं, गावं, फोटो असले की फाइल बंद करून माझ्याकडे देत. प्रती यंत्रात घालून बारीक करायच्या आणि अर्जदाराला नम्र नकार पाठवायचा. “हुशार आहे, धाडसी आहे,” त्या म्हणत, “पण याच्याजवळ कुणी मन मोकळं करू नये.”

तीन वर्षं हे ऐकून मला वाटायला लागलं होतं की हे सगळं मलाही कळतं.

त्या हिवाळ्यात एक पाकीट आलं, महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून. तिकिटं तिरकी चिकटवलेली, पत्ता शाळेतल्या वळणदार अक्षरात. मी ते सगळ्यांत आधी उघडलं. मुलगी वीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गावाबाहेर दगडखाणी आणि खडी क्रशर होते. तिथल्या वस्तीवर ती दर रविवारी बायकांना वाचायला शिकवत असे. शिकता शिकता बायका बोलल्या. खाणीत दगडाखाली दोन माणसं गेली होती आणि दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीतून त्यांची नावंच गेली. गावी निघून गेले, असं सांगण्यात आलं. तिने हे सगळं साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. गावाचं नाव नाही, खाणीचं नाही, एकाही बाईचं नाही.

“वयंसुद्धा दिलेली नाहीत हिने,” मी आधीच दाखवायला नेलेला नमुना वाचून प्रमुख म्हणाल्या. एवढं कौतुक त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं.

सातव्या प्रश्नाला तिचं उत्तर असं होतं: मी वाचायला शिकवते हे वस्तीवर सगळ्यांना माहीत आहे आणि ते खरंही आहे. बाकीचं मी तिथे बसून लिहीत नाही. घरी सांगते, कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. दोन शिफारसकर्त्यांपैकी एका बाईंना सगळं माहीत आहे. दुसरे माझ्या कॉलेजचे प्राध्यापक आहेत, त्यांना फक्त माझा अभ्यास माहीत आहे. कृपया त्यांना अभ्यासाबद्दलच विचारावं.

हे उत्तर मी दोनदा वाचलं आणि आठव्या रकान्यात खूण केली.

रिकामा राहिला तो तिसरा रकाना. प्राध्यापकांचं शिफारसपत्र आलंच नव्हतं. मी दोन ईमेल केल्या, कॉलेजला फॅक्स केला. उत्तर नाही. मुलीला कळवलं, तर ती म्हणाली, सर परीक्षांच्या गडबडीत आहेत, पुन्हा विनंती करते. मुदत संपायला दोन आठवडे राहिले होते. एक पत्र कमी असलं तरी अर्ज बाद, हा नियम. तो कुणासाठी वाकत नसे आणि तो न वाकवणारी मीच होते.

त्याच शनिवारी आमच्या मराठी मंडळाची संक्रांत होती. जर्मन कायद्याने नोंदवलेलं फेराइन, म्हणजे संस्था, असलं तरी आत सगळं आपलंच: गुळाच्या पोळ्या, स्टीलच्या वाट्या, वाण म्हणून सुपरमार्केटातले नॅपकिन. इंगोलश्टाटहून एक इंजिनिअर साडेतीन तास गाडी चालवून आले होते, कारण त्यांची बायको गाणार होती. चाळिशीचे, मनमोकळे, कुणाचंही सामान उचलायला आधी धावणारे. चहाच्या रांगेत आम्ही शेजारी उभे होतो. मी विचारलं, तसं आपण विचारतोच, “तुम्ही मूळचे कुठले?”

त्यांनी तालुक्याचं नाव सांगितलं. तोच तालुका.

“अरे वा!” मी म्हणाले. “तुमच्याकडच्या कॉलेजातल्या एका मुलीचा अर्ज आलाय आमच्याकडे. फार छान मुलगी आहे.”

“काय सांगता! आमच्याकडची? जर्मनीला?”

“अजून निवड नाही झाली. एका प्राध्यापकांचं पत्र अडकलंय. तुमच्या ओळखीचं कुणी आहे का कॉलेजात?”

“ओळखीचं?” ते हसले. “अहो ताई, अर्धं कॉलेज आमच्या नात्यात आहे. कशावर आहे हो हे? इंजिनिअरिंग?”

इथे मला थांबता आलं असतं. नाव मी सांगितलं नव्हतं आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. “नाही,” मी म्हणाले. “खाणीवरच्या बायकांमध्ये काम करते ती. काय लिहिलंय म्हणून सांगू!”

“खाणीवर? आमच्या मेव्हण्यांचेच क्रशर आहेत की तिथे! आणि कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्षही तेच. गेनाऊ, अगदी बरोबर! बास, ताई, तुमचं काम झालं समजा.”

मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला हायसंच वाटलं.

परतताना गाडीत माझी सोळा वर्षांची मुलगी मागच्या सीटवरून बोलली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. “आई, तू त्या काकांना तुमच्या अर्जातलं सांगितलंस?”

“नाव नाही सांगितलं.”

“डाटेनशुट्स, आई. इथे त्यासाठी कायदा आहे. कुणाची माहिती अशी वाटत फिरायची नसते.”

“अगं, आपलीच माणसं आहेत ती.”

“तुझी असतील,” ती म्हणाली आणि कानात गाणी घातली.

मंगळवारी फॅक्स आला. पानभर, कॉलेजच्या शिक्क्यासह, मुदतीच्या पुष्कळ आधी. मुलगी अभ्यासू, नम्र, नियमित. मी पेन घेऊन तिसऱ्या रकान्याकडे वळले आणि तेवढ्यात शेवटची ओळ वाचली. ‘परिसरातील खाणकामगार महिलांमध्ये तिने चालवलेल्या कार्याबद्दल आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना विशेष आस्था आहे.’

प्राध्यापकांना फक्त अभ्यास माहीत होता. असं तिने लिहिलं होतं, तीच फाइल माझ्यासमोर उघडी होती.

मी खूण केली. कागदाला भोकं पाडली, कड्यांत अडकवला, ऑर्डनर मिटली. नियमाप्रमाणे अर्ज पूर्ण झाला होता.

संध्याकाळी स्वयंपाक करत असताना इंजिनिअरांचा फोन आला. “ताई, मिळालं ना पत्र? आल्झो, तर ऐका, आता पुढची बातमी. मेव्हण्यांनी रविवारी सत्कार ठेवलाय मुलीचा! शाल, श्रीफळ, स्टेज, सगळं. क्रशरच्या आवारातच.”

“सत्कार? अहो, निवड कुठे झालीय अजून?”

“होईल हो. एवढी वर चढली तेच खूप. तिच्या वडिलांना निरोपही गेला. त्यांना काही पत्ताच नव्हता! म्हणे, पोरगी कॉम्प्युटर शिकायला जाते.” ते मनापासून हसले.

“हे बघा,” मी गॅस बंद केला. “हा सत्कार नको. मुलीला अडचण होईल. प्लीज, थांबवा त्यांना.”

“ताई, तुम्ही फार जर्मन झालात बरं का. आपल्याकडे मुलीचं कौतुक करायला काय टेर्मिन, अपॉइंटमेंट घ्यावी लागते होय? आणि मेव्हणे तर म्हणालेत, वस्तीवरच्या सगळ्या बायकांना ट्रॅक्टर पाठवून आणू. त्यांच्यासाठीच करते ना ती? बघू देत की त्यांनाही.”

मी आणखी दोन वाक्यं बोलले. तीही त्यांना विनय वाटली.

मुलीला सावध करायला हवं होतं. मी ईमेल लिहायला बसले आणि काय लिहायचं ते कळेना. कुणी सांगितलं, असं ती विचारणार. शेवटी एवढंच लिहिलं: शिफारसपत्र मिळालं, मुलाखत पुढच्या गुरुवारी, फोनवर. आजही ती ईमेल मला शब्दन् शब्द पाठ आहे. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सोमवारी फोटो आले. इंजिनिअरांनी हौसेने पाठवलेले, एकूण सहा. फ्लेक्सवर मुलीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला, खाली ‘जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि वरच्या कोपऱ्यात तिच्या फोटोपेक्षा मोठा अध्यक्षांचा. दुसऱ्या फोटोत ती शाल पांघरून उभी होती, अध्यक्षांचा हात तिच्या डोक्यावर. गोरेपान, पांढरे कपडे, अगदी वडीलधारं हसू. मुलगी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. पाचवा फोटो स्टेजवरून खाली काढलेला. पहिल्या रांगेत खाणीवरच्या बायका खुर्च्यांवर बसवलेल्या. एरवी अशा कार्यक्रमात त्यांना कुणी पहिली रांग देत नाही. पदर डोक्यावर, हात मांडीवर. एकही टाळी वाजवत नव्हती. ज्या मुलीला त्यांनी विश्वासाने सगळं सांगितलं, ती मालकाच्या हाताखाली उभी आहे, हेच त्या पाहत होत्या. आणि मालक त्यांच्याकडे पाहत होता.

बुधवारी प्रमुखांनी फाइल वाचली. फॅक्सवर बोट ठेवून विचारलं, “यांना हे कसं कळलं?”

“मुलीनेच सांगितलं असेल,” मी म्हणाले.

तोंडातून ते इतकं सहज गेलं की मलाच आश्चर्य वाटलं. प्रमुखांनी चष्मा काढला. “म्हणजे सातव्या प्रश्नाचं उत्तर फक्त छान लिहिलेलं होतं,” त्या म्हणाल्या. “वाईट वाटतं. मुलाखत ठरली आहे, तर घेऊ. पण मग ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.”

गुरुवारी मी कॉलेजच्या कार्यालयाचा नंबर फिरवला. मुलीच्या घरी फोन नव्हता. स्पीकर लावला होता. प्रमुख प्रश्न विचारणार, मी टिपणं घेणार आणि गरज पडली तर भाषांतर करणार. मुलीचा आवाज बारीक पण स्पष्ट होता. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कपबशीचा, मग एक खोकला.

प्रमुख लगेच म्हणाल्या, “तुम्ही खोलीत एकट्या आहात?”

“नाही, मॅडम. सर आहेत. अध्यक्षसाहेबही आहेत. ते म्हणाले, कॉलेजचा मान आहे.”

प्रमुखांनी प्रश्नांचा कागद उलटा केला. मग हळू, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारायला लागल्या. तुमच्या कामाबद्दल तुम्ही स्वतः कुणाला सांगितलंत? नाही, मॅडम. कुणी सांगितलं हे ठाऊक आहे? नाही. दुसऱ्या कुणाला त्रास झालाय?

“हो,” मुलगी म्हणाली. “एकीला. सगळ्यांना वाटतं, तिनेच सांगितलं.”

माझं पेन थांबलं. मागून एक भरदार, प्रेमळ आवाज आला, मराठीत. “काय इंग्रजी लावलंय गं? मराठीत बोल की. जर्मनीच्या ताई असतील ना तिथे? नमस्कार, ताई! आमच्या दाजींनी फार सांगितलंय तुमच्याबद्दल. तुम्ही कळवलंत म्हणून, नाहीतर आम्हाला पोरीचं काम कळलंच नसतं बघा!”

कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

प्रमुख माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. “काय म्हणाले?”

मला काहीही सांगता आलं असतं. नमस्कार म्हणतायत, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी कागदाकडे पाहत जर्मनमध्ये वाक्य पूर्ण सांगितलं. तुम्ही कळवलंत म्हणून, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं. ‘तुम्ही’ म्हणजे मी, हेही सांगितलं.

त्यांनी काही म्हणायच्या आत फोनमध्ये खट्ट झालं, मुलीने तिकडचाही स्पीकर लावला होता, आणि तिचा आवाज आला. आता मराठीत आणि मघापेक्षा मोठा.

“ताई, म्हणजे तुमच्याकडून कळलं?”

“हो,” मी म्हणाले. “माझ्याकडून. मंडळाच्या कार्यक्रमात.”

“वस्तीवरचं कुणी तुमच्याशी बोललेलं नाही?”

“कुणीही नाही. मी तिथल्या कुणालाच ओळखत नाही.”

“साहेब, ऐकलंत ना?” ती फोनपासून तोंड वळवून म्हणाली. “सर, तुम्हीही ऐकलंत. बाहेर शिपाईकाका आहेत, त्यांनीही ऐकलं असेल. जर्मनीहून कळलंय. वस्तीवरच्या कुठल्याच बाईने काही सांगितलेलं नाही.”

“अगं, कोण कुणाला काय म्हणतंय?” अध्यक्ष हसत म्हणाले. “तू तुझी मुलाखत दे.”

“झाली माझी मुलाखत,” ती म्हणाली. प्रमुखांना इंग्रजीत ‘थँक यू, मॅडम’ म्हणाली आणि फोन ठेवला.

मी शेवटचे संवाद भाषांतर करून सांगितले. प्रमुखांनी फाइल मिटली. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला आणि मला कळलं, फाइलींच्या कपाटाची किल्ली मागतायत. मी ती दिली. त्यानंतर दोन वर्षं मी त्या कार्यालयात फक्त प्रवासाची तिकिटं आणि राहण्याच्या खोल्या बघितल्या. त्यांनी मला काढलं नाही. त्याबद्दल मी कधी त्यांचे आभारही मानले नाहीत.

निवडीत त्या मुलीचं नाव पहिलं होतं. पत्र मी टाइप केलं, प्रमुखांनी सही केली आणि या वेळी ते कॉलेजच्या पत्त्यावर न पाठवता फक्त तिच्या ईमेलवर पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, जिल्ह्याच्या गावातल्या कुठल्याशा सायबर कॅफेतून.

तिने लिहिलं होतं, मी येऊ शकत नाही. जिच्यावर संशय घेतला गेला, ती बाई मुलाखतीच्या आदल्या दिवशीच दोन पोरांना घेऊन वस्ती सोडून गेली. कुठे, ते कुणी सांगत नाही. फोनवर जे बोलणं झालं ते शिपायाकडून वस्तीवर पोहोचलं आणि आता बायका म्हणतात, आपण उगाच तिला बोललो. पण ती हे ऐकायला तिथे नाही. तिला शोधून हे सांगायचं काम आधी करायचं आहे. घरच्यांना मी कुठे आहे ते माहीत नाही, ते बरं आहे. आणि एक विनंती. माझ्या जागी ज्याला घ्याल, त्याच्या अर्जात एक प्रश्न वाढवा: तुमच्याबद्दल आम्ही कुणाला विचारू नये?

माझ्याबद्दल त्या ईमेलमध्ये एक शब्द नव्हता. मी तिला सविस्तर लिहिलं, काय घडलं ते क्रमाने, चहाच्या रांगेपासून. दुसऱ्या दिवशी ते तसंच परत आलं. तिने तो पत्ता बंद केला होता.

प्रश्न प्रमुखांनी वाढवला. पुढच्या वर्षीचे अर्ज आले तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि ते पान स्वतः वाचलं. अर्जदारांनी त्या चौकटीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही. फक्त एवढं दिसलं की बऱ्याच जणांना ती चौकट पुरली नव्हती, त्यांनी मागे कागद जोडले होते.

त्या वर्षीच्या संक्रांतीला मला जायचं नव्हतं, पण पोळ्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. इंजिनिअर इंगोलश्टाटहून आले होते, दोन मोठे डबे उचलून स्वयंपाकघरात ठेवले, हात पुसले.

“ताई, ती आमच्याकडची मुलगी आली का हो शेवटी जर्मनीत?”

“नाही.”

“अरेच्चा! मग गेली कुठे? घरी नाहीये म्हणे ती, वर्ष होत आलं. मेव्हणे दर फोनला विचारतात, तुमच्या ताईंना काही कळलंय का म्हणून.” त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता. त्यांना तेव्हाही काही कळलेलं नव्हतं, आणि कळावं म्हणून मी कधी प्रयत्नही केला नाही, कारण त्यांना सांगितलेलं सगळं कुठे जातं ते मला आता माहीत होतं.

“मला काहीच माहीत नाही,” मी म्हणाले.

“कळलं की सांगा हं,” ते म्हणाले. “एक बाईही सापडत नाहीये त्यांना वस्तीवरची. दोघी बरोबर असतील, असं म्हणतात ते. माणसं पाठवलीत त्यांनी, नाशिकपर्यंत.”